कोट कोणी जाळला

माझ्या धाकट्या भावाने माझा गुन्हा स्वतःच्या नावावर छापून आणला, आणि वर मलाच फोन करून विचारतो, ताई, कशी वाटली गोष्ट?

आधी गुन्हा सांगते, म्हणजे माझा संताप कशाचा ते कळेल. मी बारा वर्षांची होते, धाकटा आठचा. बाबा एका शाळेच्या प्रयोगशाळेत मदतनीस होते. काचेच्या नळ्या धुवायच्या, बाटल्यांना चिठ्ठ्या चिकटवायच्या, तास संपला की पोरांनी सांडलेलं पुसायचं, हे त्यांचं काम. एकदा दुसऱ्या शहरातल्या मोठ्या कॉलेजात प्रयोगशाळाप्रमुखाची जागा निघाली आणि बाबांना मुलाखतीला बोलावणं आलं. त्यांच्याकडे कोट एकच, राखाडी, लोकरीचा. आदल्या संध्याकाळी आईने मला त्याला इस्त्री करायला सांगितली. मी टेबलावर कोट पसरला, इस्त्री फिरवायला घेतली, तेवढ्यात आईने स्वयंपाकघरातून हाक मारली. मी इस्त्री बाहीवर तशीच ठेवून गेले. परत आले तेव्हा धूर निघत होता. बाबा मुलाखतीला गेले नाहीत. पुढची तेरा वर्षं, निवृत्त होईपर्यंत, त्यांनी त्याच नळ्या धुतल्या.

हे सगळं मला पाठ आहे, कारण बाबांनी ते शेकडो वेळा सांगितलंय. बाबा गोष्ट फार छान सांगतात. कुठे थांबायचं, कुठे आवाज उतरवायचा, सगळं बरोबर. शेवट ठरलेला. माझ्याकडे बोट दाखवून म्हणायचं, "हिने इस्त्री ठेवली आणि मी साहेब व्हायचा राहिलो." मग सगळे हसतात. मीही हसते. सदतीस वर्षं हसतेय.

मी रफूचं काम करते. फाटलेलं, कुरतडलेलं, जळलेलं कापड पुन्हा विणून द्यायचं. घराची पुढची खोली म्हणजे दुकान. खिडकीपाशी माझं टेबल, दाराजवळ बाबांची खुर्ची. बाबा आता ब्याऐंशीचे आहेत. गिऱ्हाईक कपडा घेऊन आत आलं की मी डाग बघते आणि बाबा गिऱ्हाईक बघतात. बरं गिऱ्हाईक मिळालं की गोष्ट सुरू. मी हाच धंदा का धरला हे मला कोणी समजावून सांगायची गरज नाही. हातच्या काकणाला आरसा कशाला?

आता मधलं एक सांगायचं राहिलं. एका मोठ्या नाटक कंपनीच्या कपडेपटात मला बोलावलंय. त्यांचे जुने अंगरखे, मखमली झगे, शंभर वर्षांपूर्वीच्या शाली, सगळं माझ्या हाताखाली येणार, आणि दोन मुली शिकायला. ही तिसरी वेळ. आधी दोनदा मी नाही म्हटलं. या वेळी त्यांनी स्पष्ट लिहिलं की शुक्रवारपर्यंत कळवा, नाही तर आम्ही दुसरं माणूस बघतो. कंपनी आहे त्याच शहरात, जिथे बाबा जाणार होते. धाकट्याच्या घरी बाबांसाठी खोली रिकामी आहे, तो कधीपासून म्हणतोय. पण ज्या माणसाचं शहर मी जाळलं, त्याला खुर्चीत बसवून आपण त्याच शहरात मजेत जायचं, हे मला जमेना. नकाराचं पत्र लिहून मी टाचण्यांच्या डब्याखाली ठेवलं होतं. नुसतं टाकायचं बाकी होतं.

आणि सोमवारी ते मासिक आलं.

धाकटा दवाखान्यात एक्स-रे काढतो. दिवसभर लोकांची हाडं बघतो आणि सुट्टीत गोष्टी लिहितो. एरवी मी त्या अर्ध्यात सोडते. ही मात्र उभ्या उभ्या वाचली. गोष्टीत आठ वर्षांचा मुलगा आहे. वडिलांना दुसऱ्या गावी नोकरी लागली तर मित्र सुटणार, म्हणून तो सगळ्यांची नजर चुकवून वडिलांच्या कोटाच्या बाहीवर तापलेली इस्त्री ठेवतो. मोठी बहीण येते, बघते, आणि काही न बोलता आळ आपल्यावर घेते. ही बहीण म्हणे सोशिक होती, आणि तिच्या डोळ्यांत अथांग शांतता होती. मी आणि सोशिक. माझ्या डोळ्यांत तेव्हा धूर गेला होता, बाकी काही नाही.

खरं तर मला हलकं वाटायला हवं होतं. तसं काही झालं नाही. भर बाजारात कोणी खिसा कापावा आणि काय गेलं तेच आठवू नये, तसं झालं. दुपारभर एकाच बाहीत सुई घालत बसले आणि संध्याकाळी सगळं उसवलं.

मंगळवारी धाकट्याची सुट्टी होती. तो आला, बाबांच्या पाया पडला, माझ्या टेबलाजवळच्या स्टुलावर बसला आणि मासिक नसल्यासारखा इकडेतिकडे बघू लागला.

"आयत्या बिळावर नागोबा," मी म्हटलं. "गोष्ट माझी, चटके मला बसले, आणि नाव तुझं."

"ताई, ती गोष्ट आहे. गोष्टीत बदल करावाच लागतो."

"मग कोटाचा रंग बदल. तू गुन्हेगारच बदललास."

"तुला वाईट का वाटावं? मी तुला सोडवलंय त्यात."

"मी सांगितलं होतं सोडव म्हणून?"

तो टेबलावरचा खडू उचलून बोटांत फिरवू लागला. लहानपणीही तो असाच करायचा, आणि मग मला दया यायची. मी आवाज जरा खाली आणला.

"एकच सांग. खरंच तू ठेवलीस का इस्त्री?"

"माहीत नाही."

"माहीत नाही म्हणजे काय? इस्त्री आहे ती, माशी नाही बसली हातावर."

"ताई, मी ही गोष्ट इतक्या वेळा ऐकलीय की मला तो वास येतो. लिहायला बसलो तेव्हा तुझं नाव घालून दोन पानं लिहिली, जमेना. मग तुझ्या नावाच्या जागी ‘मी’ लिहिलं, तर हात चालायला लागला. इस्त्रीची मूठ हाताला गरम लागली. आता छापून आल्यापासून तर मला वाटतं, मीच होतो. रात्री झोप लागत नाही."

याची झोप गेली म्हणून याला जवळ घ्यावं की एक ठेवून द्यावी? मलाही तर सगळं स्वच्छ आठवत होतं. पसरलेला कोट, आईची हाक, धूर. पण आईची हाक आठवताना कानात आवाज यायचा तो बाबांचा. आईची नक्कल करताना बाबा काढतात तो. हे मला पहिल्यांदाच जाणवलं आणि मी ते धाकट्याला सांगितलं नाही.

बाबा खुर्चीतून ऐकत होते. धाकट्याने आदल्या रात्री त्यांना फोनवर गोष्ट वाचून दाखवली होती.

"शेवट पडलाय रे तुझा," ते म्हणाले. "लोकांनी हसायचं कुठे?"

"हसायची गोष्ट नाही ती बाबा."

"मग सांगायची कशाला? आणि कोट हिनेच जाळला. मी सांगतो ना. मी घरात होतो, तू बाहेर खेळत होतास. उगाच लोकांच्या डोक्यात काहीतरी घालू नकोस. चहा टाक गं जरा."

चहा होऊन अर्धा तासही झाला नव्हता. मी तरी टाकला. त्यांचं ते घाईघाईने बोलणं मला खटकलं, पण तेव्हा वाटलं, आपली ठेवणीतली गोष्ट दुसऱ्याने बिघडवली म्हणून म्हाताऱ्याच्या नाकाला मिरच्या झोंबल्या असतील.

बुधवारी सकाळी बाबा केस कापायला गेले. कोपऱ्यावरच दुकान आहे, पण त्यांना तिथे तास-दीड तास लागतो, कारण न्हावी गोष्टी ऐकतो. मी त्यांच्या कपाटातून तो कोट काढला.

गावभरचे जळके कपडे मी नीट करून दिले, पण या कोटाला बाबांनी मला कधी सुई लावू दिली नाही. "राहू दे, आठवण आहे," म्हणायचे. फार आग्रह करणाऱ्या पाहुण्याला लांबून दाखवायचे आणि परत ठेवून द्यायचे. मला मात्र आज रफू करायचंच होतं. डाग माझा असो की धाकट्याचा, एकदाचा तो बुजवावा आणि नकाराचं पत्र पेटीत टाकून मोकळं व्हावं, एवढाच विचार होता. रफूसाठी धागा त्याच कपड्यातून काढावा लागतो, आतल्या दुमडीतून, जिथे कोणी बघत नाही. तो किती मिळतोय ते बघायला मी कोट खिडकीच्या उजेडात पसरला.

उजव्या बाहीवर, कोपराच्या खाली, काळा डाग. इस्त्रीच्या टोकाचा आकार स्पष्ट, मध्ये आरपार भोक. हा डाग सगळ्यांना माहीत आहे. पण छातीवर, डाव्या बाजूला, आणखी एक डाग होता. पिवळसर, जेमतेम दिसणारा. मी तो लांबून बघितला असेलही, जुन्या लोकरीला असे पिवळे डाग पडतात म्हणून सोडून दिला असेल. आता बोट फिरवलं तर तिथली लोकर कडक लागली. आणि त्याला टोक होतं.

मी बाही उचलून छातीवर आणली. काळा डाग पिवळ्या डागावर बसला. टोकावर टोक.

मी बाही काढली, परत ठेवली. पाच-सहा वेळा तरी केलं असेल. कोट टेबलावर पसरून इस्त्री करताना बाही बाजूला असते, तिच्याखाली फक्त टेबल. ती छातीवर यायची एकच वेळ, घडी घातल्यावर. जगातले सगळे लोक कोटाच्या बाह्या मागे दुमडतात. बाबा पुढे दुमडतात, छातीवर, एक वर आणि एक तिच्या खालच्या बाजूला, जणू कोट हाताची घडी घालून बसलाय. प्रयोगशाळेचे पांढरे कोटही ते असेच ठेवायचे, शाळेत त्यावरून पोरं हसायची. आणि ती घडी दुसऱ्या कोणी घालायची नाही. आई होती तेव्हा म्हणायची, इस्त्री झाली की लांब व्हा, साहेबांची घडी चाललीय.

म्हणजे माझी इस्त्री झाली होती. पूर्ण झाली होती. बाबांनी घडीही घातली होती. त्यानंतर कोणीतरी इस्त्री ठेवली.

मी खाली बसले. आता मला आणखीच काही आठवायला लागलं. मी इस्त्री खिडकीच्या कट्ट्यावर उभी करून ठेवली होती, दगडाच्या कट्ट्यावर, आणि तिची तार गुंडाळली होती. स्पष्ट दिसत होतं. पण हे खरंच आठवलं की आत्ता, या टेबलाशी, मी ते विणलं? धाकट्याला मूठ गरम लागलीच होती की. मला स्वतःवर काडीचा विश्वास उरला नाही. फक्त ते दोन डाग होते, आणि त्यांना कोणी काही शिकवलेलं नव्हतं.

मी धाकट्याला दवाखान्यात फोन लावला.

"तुझ्या गोष्टीत कोट पसरलेला होता की घडी केलेला?"

"पसरलेला. का गं?"

"नीट आठव. इस्त्री ठेवताना."

"पसरलेलाच, ताई. बाही टेबलाच्या कडेला लोंबत होती. मागे पेशंट उभा आहे, काय झालं?"

"मग तू नव्हतास. झोप आज."

तो म्हणाला, "विचित्र आहे. मला जरा वाईटच वाटतंय."

मला हसू आलं आणि त्याच वेळी रडूही, आणि दोन्ही मी केलं नाही.

बाबा आले, मानेवर पावडर, खुशीत. टेबलावर कोट बघून दारातच थांबले.

"हा कशाला काढलास?"

"झटकायला काढला होता. घडी घाला ना, मला तुमच्यासारखी येत नाही."

ते पुढे आले. त्यांचे हात हल्ली थरथरतात, पण घडीला हात लावला की थांबतात. कॉलर सरळ केली. डावी बाही छातीवर घेतली, मग उजवी आणली तिच्या खालच्या बाजूने, डाव्या छातीपर्यंत. काळा डाग पिवळ्यावर गेला. बाबांचा तळवा त्यावरून फिरला आणि तिथेच राहिला. मी त्यांच्या तोंडाकडे बघत होते. ते माझ्याकडे बघत नव्हते.

"उजेड कमी आहे इथे," ते म्हणाले. भर अकरा वाजता, खिडकीशेजारी. मग खुर्चीत जाऊन बसले आणि जेवायला काय आहे ते विचारलं.

माझी जीभ कात्रीसारखी चालते असं सगळे म्हणतात. त्या दिवशी ती चालली नाही. काय विचारणार? तुम्ही स्वतः का, असं? आणि का? चांगली नोकरी, मोठं शहर, स्वतः अर्ज केलेला. स्वतःच्या पायावर कोण धोंडा पाडून घेतो? आणि पाडलाच, तर बारा वर्षांच्या पोरीच्या डोक्यावर कसा ठेवतो, आणि वर सदतीस वर्षं हसवतो? रागाने सुई धरवेना. मध्येच वाटायचं, म्हातारा माणूस आहे, जाऊ दे. मध्येच वाटायचं, तेव्हा कुठे म्हातारा होता. भाजीत मीठ घातलं की नाही ते आठवेना. जेवताना कळलं की दोनदा घातलंय. बाबांनी निमूट खाल्लं. एरवी एवढ्या मिठावर त्यांनी गोष्ट रचली असती.

गुरुवारी दुपारी शेजारच्या औषधांच्या दुकानातल्या बाई आल्या. नवऱ्याची पँट, गुडघ्याखाली इस्त्रीचा डाग. बोलक्या आहेत, पण आमच्याकडे कपडा घेऊन पहिल्यांदाच आल्या होत्या.

"माझ्याच हातून झालं," त्या म्हणाल्या. "लक्ष नव्हतं. घरात सगळ्यांनी हसून हसून नको केलंय."

मी पँट उजेडात धरली. बाबांच्या खुर्चीतून आवाज आला नाही. एरवी असा डाग दारातून आत येईपर्यंत त्यांची सुरुवात झालेली असते. बाईच त्यांच्याकडे वळल्या.

"आजोबा, तुमच्याकडे म्हणे अशीच एक गोष्ट आहे. न्हाव्याने सांगितलं, ऐकाच एकदा."

बाबांनी माझ्याकडे बघितलं. मी पँटीतून मान वर काढली नाही.

"आहे," ते म्हणाले. "माझी एक मुलाखत होती. मोठ्या कॉलेजात. कोट एकच. तेव्हा ही एवढीशी." त्यांनी हात खुर्चीच्या पाठीइतका उंच धरला. इथवर सगळं नेहमीचं होतं, आवाजही तोच. "आदल्या दिवशी संध्याकाळी आईने हिला कोटाला इस्त्री करायला सांगितली."

"आणि हिने जाळला," बाई हसून म्हणाल्या.

बाबा थांबले. ते कुठे थांबतात ते मला माहीत आहे. ही त्यांची थांबायची जागा नव्हती.

"नाही. हिने छान केली. इतकी छान की बाहीला एक सुरकुती नाही. मी घडी घातली. आणि मग बघत बसलो त्या कोटाकडे. तो अगदी तयार होता."

"मग?"

"मग मला भीती वाटली."

बाई वाट बघत राहिल्या, आता पुढे हसायचं येईल म्हणून. ते आलं नाही. त्यांनी माझ्याकडे बघितलं. मीही त्यांच्याइतकीच गोंधळले होते, कारण मला वाटलं होतं की हे ऐकलं की माझं ओझं उतरेल, आणि उतरलं ते ओझं होतं की माझा अर्धा जन्म, ते समजत नव्हतं. मला बाबांचा राग आला होता. भयंकर आला होता. आणि ते खुर्चीत इतके लहान दिसत होते की तो राग कुठे ठेवावा ते कळेना.

"कधी मिळेल पँट?" बाईंनी शेवटी हळूच विचारलं.

"उद्या संध्याकाळी न्या," मी म्हटलं. "आणखी काही असेल तर तेही लगेच आणा. पुढच्या महिन्यापासून मी इथे नाही. नाटक कंपनीत चाललेय."

बोलून झाल्यावर मला कळलं की मी हे बोलले. बाईंनी कुठल्या शहरात ते विचारलं, नाव ऐकून वा वा म्हणाल्या आणि गेल्या. मी टाचण्यांच्या डब्याखालचं पत्र काढलं आणि त्याचे चार तुकडे केले. बाहेर कोणीतरी सायकलची घंटी वाजवत गेलं.

"स्टेशनातून बाहेर पडलीस की समोरच्या मोठ्या रस्त्याने जाऊ नकोस," बाबा म्हणाले. "तिथे गर्दी असते. डावीकडे एक चिंचोळी गल्ली आहे. तिने गेलं की घड्याळाचा मनोरा लागतो. तिथून पुढे कॉलेज, आणि कॉलेजच्या मागे नाट्यगृह."

ते त्या शहरात कधीच गेले नव्हते.

"तुम्हाला कसं माहीत?" मी विचारलं.

"नकाशा काढला होता ना तेव्हा. पाठ केला होता. अजून आहे पाठ." त्यांनी मान खाली घातली आणि चष्मा पुसायला घेतला. "मनोरा अजून आहे का ते बघ, आणि मला कळव."

मी कोट पुन्हा उजेडात घेतला आणि आतल्या दुमडीतून धागा काढायला सुरुवात केली. या वेळी त्यांनी राहू दे म्हटलं नाही.